पीट सीगर, कार्नेगी हॉल, ८ जून १९६३ : श्रोत्यांना गाते करणारी ध्वनिमुद्रिका

खर्ज (धागालेखक)

गेले तीन आठवडे मी एकच मैफल पुन्हा पुन्हा ऐकतो आहे आणि घरच्यांच्या सहनशक्तीचा अंत होण्यापूर्वी तिच्याविषयी लिहून मोकळे व्हावे, असे ठरवले आहे. पीट सीगर (१९१९–२०१४) या अमेरिकी लोकगायकाने ८ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमातील निवडक गाण्यांची तबकडी कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी ‘वी शॅल ओव्हरकम’ या नावाने काढली. पुढे १९८९ मध्ये हा कार्यक्रम कितीतरी अधिक विस्ताराने दोन सीडींच्या संचात उपलब्ध झाला. ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’ आणि ‘टर्न! टर्न! टर्न!’ ही गाणी सीगर यांची. कार्नेगीच्या मंचावर मात्र ते बहुतांशी इतरांची गाणी घेऊन आले होते.

सीगर यांचा आवाज थोर म्हणावा असा नाही. तो सरळ, स्वच्छ आणि थोडासा शाळामास्तरी आहे. त्यात मुरक्या नाहीत, आणि दुःखाच्या ओळीवर तो भरूनही येत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा ऐकताना मला वाटत राहिले की या माणसाला एवढा मोठा का म्हणतात. मग एका रात्री हेडफोन लावून ऐकताना ध्यानात आले की मी चुकीच्या ठिकाणी कान लावून बसलो होतो. या मैफलीतले मुख्य वाद्य म्हणजे समोर बसलेले श्रोते. सुमारे २८०० आसनांचे ते सभागृह हळूहळू सुरात येत जाते आणि ध्वनिमुद्रणात त्याची प्रत्येक पायरी ऐकू येते.

सीगर यांची रीत नीट ऐकण्यासारखी आहे. एक ओळ संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जी जेमतेम एका श्वासाची फट असते, तिच्यात ते पुढच्या ओळीचे शब्द भरभर बोलून टाकतात. ठेका मोडत नाही आणि सूरही सुटत नाही. शब्द हाती आलेले असल्यामुळे श्रोत्याला पाठांतराचे भय उरत नाही. पहिल्या फेरीत सभागृह बिचकत, अर्धा क्षण मागे राहून गाते. दुसरीत ते ठेक्यावर येते. तिसऱ्या फेरीपर्यंत खालच्या पट्टीतले पुरुषांचे आवाज आपली जागा शोधतात, आणि नेमक्या त्याच वेळी सीगर मूळ चाल लोकांवर सोपवून स्वतः वरच्या सुरात निघून जातात. आपल्याकडे कीर्तनकार ‘म्हणा’ एवढेच म्हणून टाळकऱ्यांच्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांनाही अभंगात ओढून घेतो, तसलीच ही हातोटी आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, पण ते त्याच्या फडातले, तालीम केलेले. सीगर यांना ते तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसांतून तीन मिनिटांत तयार करावे लागतात.

तारखेचेही महत्त्व आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर उतरली होती. त्यांच्यावर पोलिसांनी कुत्रे सोडले, अग्निशामक दलाच्या पाण्याचे फवारे मारले आणि शेकड्यांनी मुलांना तुरुंगात टाकले. सुमारे पाच आठवड्यांत त्याच मुलांच्या तोंडची ‘आय एन्ट स्केअर्ड ऑफ युअर जेल’ यांसारखी गाणी कार्नेगी हॉलमध्ये गायिली गेली. या गाण्याची चाल एका म्हाताऱ्या घोडीवरच्या जुन्या विनोदी गाण्याची आहे. तुरुंगाला भीत नाही हे सांगण्यासाठी मुलांनी अशी खिदळती चाल उचलावी, हे मला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलके वाटते.

अखेरीस ‘वी शॅल ओव्हरकम’ सुरू होते. मध्येच सीगर सांगतात की या गाण्याचे सर्वांत महत्त्वाचे कडवे ‘आम्ही भीत नाही’ हे आहे, आणि तडजोड करायला, जुळवून घ्यायला शिकलेल्या थोरामोठ्यांना या तरुण मुलांनी धडा दिला आहे. बोलताना त्यांचा आवाज चढत नाही. त्यानंतर सभागृह जे कडवे गाते, ते आधीच्या कडव्यांहून निराळे ऐकू येते. तेथे आवाज वाढला आहे की फक्त गांभीर्य, हे मला इतक्यांदा ऐकूनही नक्की ठरवता आलेले नाही. आपल्यापैकी ज्यांनी ही मैफल ऐकली असेल, त्यांनी आपापल्या कानांचा अनुभव अवश्य लिहावा.

जवारी

लेख आवडला. मी स्वतः तंतुवाद्ये वाजवतो, म्हणून वाद्याविषयी थोडी भर घालतो. आरंभी एक खुलासा करणे भाग आहे, कारण आपल्याकडे ‘बेंजो’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर हळदीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी येते. तो बेंजो म्हणजे बटणे दाबून वाजवायचे बुलबुलतरंग होय. सीगर यांच्या हातातले बॅन्जो हे चामड्याने मढवलेल्या गोल तोंडाचे, पाच तारांचे वाद्य आहे आणि त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे.

सीगर यांनी आपल्या बॅन्जोची मान तीन पडद्यांनी लांबवून घेतली होती. ही हौस नव्हती. नेहमीच्या लांबीच्या बॅन्जोवर गाण्याची पट्टी हवी तेवढी खाली आणता येत नाही, आणि पट्टी उंच राहिली तर सामान्य श्रोत्याचा गळा तिथे पोहोचत नाही. मान लांब केल्यामुळे मोकळ्या तारांचा सूर तीन अर्धस्वरांनी उतरला. खर्ज यांनी वर्णिलेली ‘सभागृहाला गाते करण्याची’ कला अशी थेट लाकडात कोरलेली आहे, हे मला विशेष वाटते. बॅन्जोच्या चामड्यावर त्यांनी गोलाकार अक्षरांत लिहून ठेवले होते की हे यंत्र द्वेषाला वेढा घालते आणि त्याला शरण यायला भाग पाडते. त्यांचे ज्येष्ठ मित्र, लोकगायक वुडी गथ्री यांच्या गिटारवरचा मजकूर फॅसिस्टांना ठार मारण्याचा होता. दोघांच्या स्वभावांतले अंतर त्या दोन वाक्यांत मावते.

ध्वनिमुद्रणाविषयी एक सूचना करतो. बॅन्जोचा नाद टोकदार आणि चटकन विरणारा असतो, त्यामुळे दोन आघातांच्या मधल्या रिकाम्या जागेत सभागृह ऐकू येते. बारा तारांच्या गिटारच्या साथीत ती जागा भरून जाते. लोकांचा आवाज ऐकायचा असेल तर बॅन्जोवरची गाणी आधी ऐकावीत.

दहिवर

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या परिपाठात ‘हम होंगे कामयाब’ वर्षानुवर्षे म्हटले जाते. ते ‘वी शॅल ओव्हरकम’चे हिंदी रूप आहे आणि कवी गिरिजाकुमार माथुर यांनी ते केले, एवढे मला ठाऊक होते. परंतु हा धागा वाचल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रण प्रथमच लक्षपूर्वक ऐकले आणि एका जागी थबकले. सीगर ज्या कडव्याला सर्वांत महत्त्वाचे म्हणतात, ते आमच्या हिंदी गाण्यातही आहे : ‘नहीं डर किसी का आज’. आम्ही ते कडवे दररोज म्हणतो आणि त्या वेळी माझे लक्ष बहुधा रांग वाकडी करणाऱ्या मुलांकडे असते.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. ‘ओव्हरकम’ या क्रियेत समोर काहीतरी अडथळा आहे आणि तो ओलांडायचा आहे, असा भाव येतो. ‘कामयाब’ झाल्यावर तो अडथळा दिसेनासा होतो आणि उरते ते यश. म्हणूनच कदाचित हे गाणे आपल्याकडे परीक्षेच्या आणि क्रीडास्पर्धेच्या शुभेच्छांसाठी सहज वापरले जाते. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या चित्रपटाच्या शेवटी ते ज्या कडवटपणे वापरले आहे, तेथे मात्र अडथळा अगदी स्पष्ट दिसतो.

परखड

सगळेच कौतुक करीत आहेत, म्हणून थोडे वाकडे बोलण्याचे काम मी पत्करतो. मैफल मीही ऐकली आहे आणि माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप ‘लिटल बॉक्सेस’ या गाण्यावर. मालविना रेनॉल्ड्स यांनी १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीतील टेकडीवरची एकसारखी घरे पाहून ते रचले, आणि कार्नेगी हॉलमधील श्रोते ते ऐकून खळखळून हसतात. मी परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलो. स्वतःचे दार, स्वतःचा नळ आणि चार फूट अंगण असलेली ती ‘खोकी’ आमच्या घरी कोणाच्या स्वप्नातही आली नसती. जी माणसे आयुष्यात प्रथमच स्वतःच्या घराची किल्ली हातात घेत होती, त्यांच्या घरांचा रंग पाहून हसणे मला रुचत नाही. अशा अनेक वसाहतींत कृष्णवर्णीय कुटुंबांना घर घेऊ दिले जात नसे, या बाजूवर गाणे लिहिले असते तर ते या मैफलीत शोभले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आम्ही भीत नाही’ हे कडवे न्यूयॉर्कमधील एका प्रतिष्ठित सभागृहात, तिकीट काढून आलेली आणि बहुधा गोरी असलेली मंडळी गात आहेत. त्यांनी कोणाला भ्यायचे कारण काय? ज्या मुलांवर कुत्रे सोडले गेले, त्यांचा आवाज या तबकडीत नाही. त्यांची गाणी मात्र आहेत.

खर्ज (धागालेखक)

परखड यांच्या पहिल्या आक्षेपावर मजजवळ उत्तर नाही. ते हसू मीही ऐकले होते, आणि मला ते गोड वाटले होते. यापुढे तितके गोड वाटणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाबाबत काही गोष्टी मांडतो. सीगर स्वतः निर्भय जागी उभे नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांच्या चौकशी समितीपुढे त्यांना त्यांच्या राजकीय विचारांविषयी आणि ते कोणापुढे गायिले याविषयी प्रश्न विचारले गेले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काआड ते लपू शकले असते. असे प्रश्न विचारण्याचा समितीला अधिकारच नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९६१ मध्ये त्यांना एका वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली आणि मे १९६२ मध्ये ती वरच्या न्यायालयात रद्द झाली. कार्नेगी हॉलच्या या कार्यक्रमाच्या वेळी एबीसी वाहिनीवर लोकसंगीताचा ‘हूटनॅनी’ हा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता आणि त्यात सीगर यांना प्रवेश नव्हता. याचा निषेध म्हणून जोन बाएझ यांच्यासारख्या गायिकेने त्या कार्यक्रमावर बहिष्कार टाकला.

याच मैफलीत ते श्रोत्यांना सांगतात की निराशेतून बाहेर पडायचे असेल तर दक्षिणेत जाऊन तिथल्या लोकांना मदत करा. चार दिवसांनी, १२ जूनला, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. महिना उलटण्यापूर्वी, ६ जुलैला, सीगर त्याच मिसिसिपीत ग्रीनवूड येथे मतदार नोंदणीच्या सभेत कापसाच्या शेताकडेला गात होते. त्यांच्याबरोबर थिओडोर बिकेल आणि बॉब डिलन हे गायक होते. अर्थात, तबकडीत ऐकू येणारे श्रोते ग्रीनवूडला गेले नव्हते, हे मला मान्य आहे.

तळटीप

गाण्याच्या उगमाविषयी चर्चा येणे अपरिहार्य होते, म्हणून थोडक्यात लिहितो. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे ‘आय’ल ओव्हरकम समडे’ हे भजन अनेकदा मूळ म्हणून सांगितले जाते. चाल निराळी असल्यामुळे त्याविषयी मतभेद आहेत. साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथील तंबाखू कारखान्यातील कामगारांनी १९४५–४६ च्या संपात हे गीत गायिले. तेथून ते टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणशाळेत झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे आले आणि १९४७ मध्ये त्यांच्याकडून सीगर यांनी ते घेतले. ‘विल’चे ‘शॅल’ त्यांच्या गाण्यात झाले, आणि एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली या शहरी विद्यार्थ्यांच्या सभेत लोकगायक गाय कॅरवान यांनी ते तरुणांना शिकवले. तेव्हापासून ते नागरी हक्क चळवळीचे गीत झाले. पुढे सीगर, कॅरवान, हॉर्टन आणि फ्रँक हॅमिल्टन यांच्या नावे त्याची स्वामित्वनोंद झाली व मिळणारे मानधन दक्षिणेतील कामासाठी एका निधीत जमा होऊ लागले. २०१८ मध्ये न्यायालयीन वादानंतर हे गीत सार्वजनिक मालकीचे झाले.

एवढ्या हातांतून गेलेल्या गाण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नसावा. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांना कोणी विचारत नाही.

हडसनकाठ

मी न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या बीकन गावापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. सीगर यांचे बहुतेक आयुष्य त्याच गावात गेले. नदी स्वच्छ व्हावी म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधवून घेतलेली ‘क्लिअरवॉटर’ ही शिडाची नौका १९६९ पासून पाण्यात आहे आणि ती पाहण्याचा योग मला आला आहे. परंतु विषय मैफलीचा आहे, म्हणून ‘ग्वान्तानामेरा’ या स्पॅनिश गाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते संपूर्ण संचातले सर्वोत्तम क्षण तिथे आहेत.

या गाण्यातील कडवी क्यूबाचे कवी आणि स्वातंत्र्यसेनानी होसे मार्ती (१८५३–१८९५) यांच्या १८९१ च्या कवितासंग्रहातील आहेत आणि पालुपदाची लोकप्रिय चाल होसेइतो फर्नांदेस यांच्या नावाशी जोडलेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील मुलांच्या एका शिबिरात एक्तोर आंगुलो या तरुण क्यूबन संगीतकाराकडून सीगर यांना हे गाणे मिळाले. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुयुद्धाची वेळ आली होती ती ऑक्टोबर १९६२ मध्ये, म्हणजे मैफलीच्या केवळ आठ महिने आधी. तशा हवेत सीगर शांतपणे सांगतात की मार्ती यांनी वनवासातली कित्येक वर्षे याच न्यूयॉर्कमध्ये काढली आणि मायदेशी परतल्यावर ते लढताना मारले गेले. मग ते स्पॅनिशमध्ये एक कडवे गातात, पालुपद लोकांकडून म्हणवून घेतात आणि गिटार चालू ठेवून त्या कडव्याचा अर्थ इंग्रजीत बोलतात. शेवटच्या कडव्यात कवी म्हणतो की मला माझे नशीब या पृथ्वीवरील गरिबांशी जोडून घ्यायचे आहे.

गाता गाता अर्थ सांगणे आणि अर्थ सांगता सांगता पुन्हा पालुपदावर येणे, हे निरूपणच आहे. मी परदेशात तीस वर्षे काढली आहेत. लहानपणी गावच्या मंदिरात ऐकलेल्या कीर्तनाची आठवण एखाद्या अमेरिकी माणसाने करून द्यावी, याचे मला प्रथम हसू आले होते. मैफलीच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, सीगर पत्नी तोशी आणि तीन मुलांसह जगाच्या दौऱ्यावर निघाले व भारतातही आले. ‘रघुपती राघव राजाराम’ त्यांनी गायिले आणि ध्वनिमुद्रितही केले. त्यांचे उच्चार ऐकून रागावू नये.

जवारी

हडसनकाठ यांच्याशी सहमत आहे, मात्र एक गाणे सुटू नये असे वाटते. डिलन यांचे ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ सीगर या मैफलीत गातात. ते गाणे असलेला डिलन यांचा संग्रह २७ मे १९६३ रोजी, म्हणजे मैफलीच्या बाराच दिवस आधी बाजारात आला होता. डिलन तेव्हा बावीस वर्षांचे होते. चव्वेचाळीस वर्षांच्या, तोवर कीर्तिमान झालेल्या गायकाने आपल्या मुलाच्या वयाच्या कवीचे इतके लांब गाणे एवढ्या मोठ्या मंचावर गावे, ही उदारता आपल्या संगीतक्षेत्रात सहसा दिसत नाही. गायन म्हणून ते मला डिलन यांच्याइतके भेदक वाटत नाही. सीगर प्रत्येक शब्द इतका स्पष्ट लावतात की त्या गाण्यातले धुके नाहीसे होते.

परखड

खर्ज यांचे उत्तर वाचले. सीगर यांच्या धैर्याविषयी मला शंका नव्हती. माझा प्रश्न त्या ध्वनिमुद्रणात कोणाचा आवाज आहे, याविषयी होता आणि तो शिल्लक आहे. तळटीप यांनी उल्लेखिलेल्या गाय कॅरवान यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका प्रार्थनासभेचे ध्वनिमुद्रण केले होते. ते फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केले आहे. तेथे भाषणे आहेत, प्रार्थना आहेत, गाणी आहेत, आणि गाणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर जायचे आहे. कार्नेगी हॉलची मैफल ऐकण्यापूर्वी किंवा ऐकल्यानंतर ते ऐकावे, एवढाच माझा आग्रह आहे.

खर्ज (धागालेखक)

परखड यांच्या सांगण्यावरून दोन्ही ध्वनिमुद्रणे एका रात्री पाठोपाठ ऐकली. त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. बर्मिंगहॅममध्ये कोणालाही शब्द आधी सांगावे लागत नाहीत. गाणे कोणी शिकवत नाही, ते आधीपासूनच त्या इमारतीत असते. त्या तुलनेत कार्नेगी हॉल म्हणजे चांगल्या मास्तरांचा पहिल्या दिवसाचा वर्ग वाटतो. सगळे उत्सुक आहेत आणि सगळे थोडे अवघडलेले आहेत. मात्र त्यामुळे माझ्या मनातून ही मैफल उतरली नाही. ज्यांचे ते गाणे नव्हते, त्यांना ते आपल्या तोंडाने म्हणताना कसे वाटले असेल, याचा एवढा प्रामाणिक पुरावा मला अन्यत्र मिळालेला नाही. पहिल्या फेरीतली ती बिचक आता मला सर्वांत मोलाची वाटते. १९६३ च्या तबकडीपुरते थांबलेल्यांनी पूर्ण संच जरूर मिळवावा. त्यात लहान मुलांची खेळगाणी आहेत आणि नाझी छळाच्या काळातले, ज्यूंच्या यिद्दिश भाषेतले गाणेही आहे, आणि दोन्हींसाठी सीगर यांचा आवाज एकच आहे.

दहिवर

शनिवारी नववीच्या वर्गात मी कार्नेगी हॉलमधले ‘वी शॅल ओव्हरकम’ ऐकवले. पहिले कडवे मुलांनी गप्प बसून ऐकले. ‘आम्ही भीत नाही’ या कडव्याच्या आधी सीगर बोलू लागले, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले की हे सर मध्येच का बोलतात, गाणे का म्हणत नाहीत. मी उत्तर देण्यापूर्वी कडवे सुरू झाले आणि निम्मा वर्ग हिंदीतून गाऊ लागला. शब्द ठेक्यात नीट बसले. पट्टी मात्र आमच्या मुलांना उंच पडली, तेव्हा जवारी यांनी सांगितलेला लांब मानेचा उपाय आमच्यापर्यंत पुरला नाही, असे खेदाने नमूद करते.

परखड

दहिवर यांच्या वर्गाचे हे गाणे मला ऐकायला आवडले असते. ‘लिटल बॉक्सेस’विषयीचे माझे मत मात्र बदलणार नाही.

खर्ज (धागालेखक)

त्यासाठी आपण स्वतंत्र धागा काढावा. पहिला प्रतिसाद माझा असेल.